पिकअप उंच करावी का?

पावसाळ्यात काळ्या मातीत पिकअप फसते, म्हणून कमानपाट्यांखाली ठोकळे घालून ती उंच करावी का, असे देवासकडील पालक विचारतात. आधी गाडीखाली वाकून पाहावे. चिखलात अडकतो तो मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांना धरून असतो. ठोकळ्यांनी नुसती बॉडी वर जाते, गोळा तिथेच राहतो! उलट सोयाबीनच्या पोत्यांचा भार वर चढतो आणि मांडवच्या घाटवळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 ही अशा बदलाच्या आड येते. माझ्या मते खोल नक्षीचे टायर घ्यावेत, पोती कमी भरावीत. दहावीच्या विद्यार्थ्यांनी गुरुत्वकेंद्राचा पाठ वाचून घरच्या गाडीखाली मोजपट्टी लावून पाहावी, गाडी उभी असताना.