आखाड्यांतील विश्वास

अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें. अशा जुन्या संस्थांच्या पुण्याईवर आपण मुलें निःशंकपणें आखाड्यांत धाडतों. विश्वास हवाच, परंतु तो डोळस असावा, असें आम्हांस वाटतें.

मल्लखांबाखालीं गादी आहे कीं नाहीं, हें आपण पाहतों. तेथील बोलण्याची रीतही तशीच पाहावी. चुकल्याबद्दल चारचौघांत हिणविलेलें मूल हंशाच्या धास्तीनें दुखापत झांकतें, आणि तसेंच दुसऱ्या दिवशीं खांबावर चढतें. ही कला शिकवितांना शिक्षकाला आधारासाठीं हात लावावाच लागतो. म्हणून तो कोठें व कां लावावयाचा, हें मुलाला आधीं सांगावें, आणि एकांतांत शिकवूं नये.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानें बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचें बंधन घातलें आहे. संस्थाचालकही त्यांतून सुटत नाहींत. तेव्हां अब्रूच्या नांवाखालीं तक्रार दडपण्यास संस्थाप्रेम म्हणतां येणार नाहीं.

मूल एखादे दिवशीं ‘मी जाणार नाहीं’ म्हणालें, तर त्याला भित्रें ठरविण्यापूर्वीं जवळ बसवून कारण विचारावें, एवढीच आमची पालकांस विनंति आहे.