घशाला रजा नको

आमच्या बँकेतले एक जुने सहकारी आता कुठल्याही लग्नात पंगतीला बसत नाहीत. येतात, अक्षता टाकतात आणि पाने मांडायच्या आत निघून जातात. घशाच्या कर्करोगासाठी त्यांना सात आठवडे रेडिएशन दिले. गाठ गेली, तपासण्या स्वच्छ आल्या. पण भाकरीचा तुकडा काही घशाखाली उतरेना. घरी दार लोटून ते पेज पितात. चारचौघांत ठसका लागला तर काय, ही धास्ती. आजार गेला आणि जाताना जेवण घेऊन गेला.

याला नशीब म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. पण हे नुकसान पुष्कळदा कमी करता येते आणि त्याची तयारी पहिल्या रेडिएशनच्या आधीपासून करायची असते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. बोटाखाली स्वरयंत्र वर सरकते. त्याच क्षणी श्वासनलिका मिटते, अन्ननलिकेचे तोंड उघडते आणि घास पार होतो. तीसएक स्नायूंचे हे काम आपल्या गावीही नसते. किरण कर्करोगाच्या पेशी मारतात, तसे या स्नायूंनाही भाजतात. आधी सूज येते, लाळ आटते. पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, मऊ स्नायूंच्या जागी ताठर तंतू तयार होतात.

उपचारांच्या मधल्या आठवड्यांत घसा इतका सोलवटतो की पाणीही झोंबते. मग घरची माणसे मायेने म्हणतात, ‘राहू दे, घशाला आराम दे.’ इथेच चूक होते. प्लास्टरमधला पाय जसा बारीक होतो, तसा न गिळणारा घसा दुबळा होतो. व्यवहार थांबलेले खाते निष्क्रिय होते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. घशाचेही तसेच आहे. अन्नासाठी नळी लागली तर ती जरूर घालावी, तिने जीव तगतो. मात्र डॉक्टरांची परवानगी असेल तोवर थोडे थोडे गिळणे चालू ठेवावे.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने 497 रुग्णांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. उपचारांच्या काळात तोंडाने खाणे आणि गिळण्याचे व्यायाम ही दोन्ही पथ्ये पाळणाऱ्यांपैकी 92 टक्के लोक पुन्हा नेहमीच्या जेवणावर आले; दोन्ही न करणाऱ्यांत हे प्रमाण 65 टक्के होते. ज्यांना मुळात त्रास कमी, तेच जास्त खाऊ शकले असतील, ही शंका रास्त आहे. तरी दिशा स्पष्ट दिसते.

व्यायाम साधे आहेत: जोर लावून आवंढा गिळणे, स्वरयंत्र वर गेले की क्षणभर तिथेच धरून ठेवणे, जिभेचे टोक दातांत धरून, तोंडात घास न घेता, नुसती लाळ गिळणे, तोंड जमेल तितके उघडणे. ते स्पीच थेरपिस्टकडून शिकावेत आणि रोज, दिवसातून अनेकदा करावेत. गुटखा-सुपारीने आपल्याकडे कित्येकांचा जबडा आधीच आखडलेला असतो. त्यांना तोंड उघडण्याचा व्यायाम विशेष गरजेचा. दातांची तपासणी आणि काढायचे दात काढणे हेही रेडिएशनपूर्वीच उरकावे, कारण नंतर जबड्याच्या हाडाची जखम सहजी भरत नाही. तंबाखू तर सुटलीच पाहिजे.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. काहींना ठसकाही न लागता अन्न श्वासनलिकेत जाते. जेवणानंतर आवाज घोगरा-ओला होणे, वारंवार ताप वा न्यूमोनिया, वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

आमच्या सहकाऱ्यांनी व्यायाम सुरू केले, पण दीड वर्षाने. आता मऊ वरणभात जातो, भाकरी नाही. उपचारांपूर्वी आठवड्याभरात त्यांनी खर्चाचे, रजेचे, विम्याचे, सगळे प्रश्न विचारले होते. ‘गिळण्याचे व्यायाम कोण शिकवणार?’ हा एकच राहिला. तो विचारायचा असतो, हेच त्यांना माहीत नव्हते. तुमच्या घरावर ही वेळ आली तर तो पहिल्याच भेटीत विचारा.