उभ्या ट्रकच्या धुराचा हिशेब

गडचिरोलीत समुद्र नाही, तरी आज बंदरातल्या जहाजांपासून सुरुवात करतो. कारण धूर मोजायची त्यांची रीत आपल्या रस्त्यालाही लागू पडते.

मुंबई बंदरात धक्क्याला लागलेले जहाज हलत नाही, पण दिवे, पंप, शीतपेट्या यांच्या विजेसाठी त्याचे एखादे इंजिन सहसा चालूच असते. प्रत्येक धुरांड्याला कुणी यंत्र लावत बसत नाही. जहाजे किती, थांबली किती तास, इंजिन केवढे, तेल कोणते, एवढे लिहायचे आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तेल महत्त्वाचे. २०२० पासून जहाजाच्या साध्या तेलात गंधक अर्ध्या टक्क्यापर्यंत चालते. असे एक टन तेल जळले की सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड निघतो. ट्रकच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा याच्या पाचशेव्या हिश्शाएवढी आहे.

म्हणून ट्रक निरुपद्रवी झाला, असे नाही. सुरजागडचे लोहखनिज भरलेले ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्याने जातात. जुन्या बीएस-३ इंजिनाला धुरातल्या बारीक कणांची जी मुभा होती, ती बीएस-६ च्या दहापट. म्हणजे ट्रक किती, याबरोबर ट्रक किती जुने, हेही बघावे लागते.

वस्तीतल्या दोघा-तिघांनी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ आळीपाळीने बसावे, रस्त्यापासून लांब. वहीत लिहावे: भरलेले किती, रिकामे किती, ताडपत्री होती का, इंजिन चालू ठेवून किती वेळ उभे. उभा मोठा ट्रक तासाला अंदाजे दोन-तीन लिटर डिझेल खातो. २० ट्रक एक तास उभे राहिले तर ४० ते ६० लिटर जळले, तेही आपल्या दारात, आणि एक किलो माल पुढे न जाता.

यात रस्त्याची धूळ आलीच नाही. चाकाखालून उडणारी लाल माती बऱ्याचदा धुराहून जास्त भरते. तिच्यासाठी रस्त्याचा मोजलेला तुकडा झाडून, बारीक चाळून वजन करतात. ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागायचे, वाहत्या रस्त्यावर आपण झाडू घेऊन उतरायचे नाही. अर्जाला वहीची प्रत जोडा. "लई धूर येते" म्हटले की साहेब मान हलवतो. तारीख, वेळ आणि आकडा दिला की त्याला काहीतरी लिहून उत्तर द्यावे लागते.

"तुमच्या चुलीचाच धूर आहे," असेही ऐकून घ्यावे लागेल. चूल आहे, खरे आहे. तिचाही रकाना वहीत ठेवा, लपवू नका.

पण लेकरासाठी अर्जाच्या उत्तराची वाट बघू नका. ते शांत असताना पोट वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर आशाताईंना हाक मारा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र झाली असली तरी.