आपलं बडोदं इंग्रजीत सांगताना

बडोद्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत गायकवाडी काळच्या गोष्टींना तोटा नाही. पण त्या गोष्टी आहेत मराठीत. आणि नातवंडांचं शिक्षण, मुलाखती, बाहेरच्यांशी बोलणं सगळं इंग्रजीत. 'हे फारसं कुणाला ठाऊक नाही' एवढं सांगायची वेळ आली की मुलं अडखळतात. मुलांना इंग्रजी शिकवताना हे मला नेहमी दिसतं. म्हणून हा छोटासा पाठ, आपल्याच शहराची उदाहरणं घेऊन.

आधी 'फ्यू' पाहू. मराठीत 'फारशा'च्या मागोमाग 'नाही' येतंच. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे फारशा लोकांना माहीत नाही. मुलं हेच शब्दाला शब्द लावून म्हणतात, 'फ्यू पीपल डोन्ट नो', आणि अर्थ नेमका उलटा होतो : बहुतेकांना माहीत आहे, थोड्यांनाच नाही! इंग्रजी 'फ्यू'च्या पोटातच नकार दडलेला असतो. म्हणून म्हणायचं, 'फ्यू पीपल नो दॅट फाळके स्टडीड ॲट कलाभवन.' आणि 'अ फ्यू पीपल नो' म्हटलंत तर 'काही जणांना माहीत आहे' असा अर्थ होतो. एवढ्याशा 'अ'ने सूर पालटतो. मात्र 'अ लिटल-नोन फॅक्ट' म्हणताना घाबरू नका. तिथला 'अ' हा 'फॅक्ट'चा आहे. 'लिटल-नोन' म्हणजे जेमतेम कुणाला ठाऊक असलेलं.

दुसरी गोष्ट अदबीची. समोरच्याला 'यू डोन्ट नो' म्हणणं म्हणजे त्याचं अज्ञान काढणं. त्याऐवजी 'यू मे नॉट नो' म्हणा. वडीलधाऱ्यांसमोर किंवा सभेत 'इट इज नॉट वाइडली नोन दॅट' अधिक शोभतं. बडोद्याचे सयाजीराव महाराज जन्मले ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेतकरी कुटुंबात, हे परक्या पाहुण्याला असं सांगून पाहा.

तिसरी गोष्ट शब्दाच्या वजनाची. 'ट्रिव्हिया' म्हणजे गमतीची, किरकोळ माहिती. महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याला ट्रिव्हिया म्हणणं बरं नव्हे. 'इनसाइड इन्फर्मेशन'ला तर शेअर बाजाराचा वास येतो. ते इथे नकोच. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव राजवाड्याहून कितीतरी जुनी आहे. तिला 'वन ऑफ बरोडाज बेस्ट-केप्ट सीक्रेट्स' म्हणता येईल. तिथे कुणी काही लपवलेलं नसतं. 'फार कुणी जात नाही, पण जावं असं' एवढाच अर्थ. माणसांसाठी 'अनसंग हीरो' आहे. कलाभवन उभं करणारे प्राध्यापक गज्जर किंवा 1910 मध्ये अमेरिकेहून येऊन इथली ग्रंथालयं बांधणीला लावणारे बॉर्डन यांना तो शब्द शोभतो.

आणि एक पथ्य. जे जगाला ठाऊक आहे त्याला 'लिटल-नोन' म्हणू नये. डॉ. आंबेडकरांना 1913 मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, हे सांगताना 'ॲज यू मे नो' अशीच सुरुवात बरी. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याचा मान राहतो, नसेल तर त्याला संकोच वाटत नाही.

येत्या सुट्टीत एवढं करा. आजी-आजोबांकडून बडोद्याची एक गोष्ट ऐका, ग्रंथालयात जाऊन ती पडताळून घ्या आणि मग इंग्रजीत दोन वाक्यांत सांगा. घरातली माहिती मराठीत जपली तर ती आपली राहते. शेजारच्या भाषेतही नीट सांगता आली तर ती शहराचीही होते.