घंटा, गोळा आणि उघडणारा पूल

१९५२ च्या ३० डिसेंबरला लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ७८ क्रमांकाची दुमजली बस शोरडिचकडे चालली होती. चालक अल्बर्ट गंटर यांच्या चाकांखालचा रस्ताच वर उचलला जाऊ लागला. ब्रेक लावावा तर खाली थेम्स. गंटर यांनी वेग वाढवला. बस फटीवरून उडून पलीकडच्या, अजून न हललेल्या पात्यावर काही फूट खाली आदळली. प्रवासी वाचले आणि गंटर यांना १० पौंडांचे बक्षीस मिळाले.

ही गोष्ट नेहमी त्यांच्या धाडसासाठी सांगतात. मला मात्र त्या दिवशी न वाजलेली घंटा अधिक महत्त्वाची वाटते. पूल उघडण्याआधी पहारेकऱ्याने घंटा वाजवायची, फाटक लावायचे, असा शिरस्ता होता. तेवढी एकच पायरी राहिली, तरीही हजार टनांहून जड पाते उठू शकले. १८९४ साली सुरू झालेला हा पूल पहिल्याच वर्षी सहा हजारांहून जास्त वेळा उघडला होता. इतक्या रोजच्या कामात माणूस कधीतरी चुकणारच. यंत्राने त्याला चुकू का दिले, हा खरा प्रश्न आहे.

नदीच्या बाजूची व्यवस्था त्या मानाने चोख होती. पूल उघडून हवा असेल तर जहाजाने दिवसा किमान दोन फूट व्यासाचा काळा गोळा उंच लावायचा, रात्री दोन लाल दिवे. धुके असेल तर वाफेची शिटी पुन्हा पुन्हा. पुलावरच काळा गोळा टांगलेला दिसला तर पूल उघडणार नाही, असे समजायचे. अमेरिकेत आजही जहाज एक लांब आणि एक आखूड भोंगा देते. पुलावरून तसाच भोंगा आला की होकार, पाच आखूड भोंगे आले की नकार. पाण्यावर इशाऱ्याला उत्तर असते. रस्त्यावरच्या घंटेला कुणी उत्तर देत नाही, त्यामुळे ती पोहोचली की नाही हे वाजवणाऱ्याला कळत नाही.

इशारा न पोहोचल्याची किंमत अमेरिकेतल्या नॉरवॉक गावाने ६ मे १८५३ रोजी मोजली. तिथल्या रेल्वेपुलाजवळ उंच खांबावर लाल गोळा चढवीत. गोळा वर असेल तर रस्ता मोकळा. गोळा नसेल तर थांबा. दोरी तुटली तर गोळा आपोआप खाली येणार आणि गाडी थांबणार, म्हणजे विचार शहाणपणाचा होता. पण नसलेली वस्तू डोळ्यांत भरत नाही. ‘पॅसिफिक’ नावाच्या आगबोटीसाठी पूल उघडलेला असताना न्यूयॉर्कहून आलेली गाडी थेट नदीत गेली. ४५ हून अधिक माणसे मेली. वैद्यकीय परिषदेहून घरी परतणारे कितीतरी डॉक्टर त्यांत होते. त्यानंतर कनेटिकट राज्याने कायदाच केला: उघडणाऱ्या प्रत्येक पुलाआधी गाडीने पूर्ण थांबायचे. बोस्टनमध्ये तर १९१६ च्या नोव्हेंबरात बंद फाटक तोडून ट्राम पाण्यात पडली आणि चाळीसहून अधिक जण बुडाले.

पुढे यंत्रणाच एकमेकींत गुंतवल्या गेल्या. रस्त्याचे सिग्नल लाल झाल्याशिवाय आणि फाटके उतरल्याशिवाय पुलाची कुलपे निघतच नाहीत, अशी ती रचना. गंटर यांच्यासारखा प्रसंग आज अशा पुलावर सहसा घडणार नाही.

तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मिलवॉकी शहरात किलबर्न अव्हेन्यूच्या पुलावर सत्तरी ओलांडलेला एक पाहुणा मेला. पूल दुसऱ्या ठिकाणाहून कॅमेऱ्यांवर पाहून चालवला जात होता. घंटा वाजली, दिवे लुकलुकले, फाटके उतरली. सगळे नियमाप्रमाणे झाले. पण त्या गृहस्थांना ऐकू कमी येत होते आणि ते पुलाच्या मधोमध होते. पत्नी पलीकडे पोहोचली होती. चालवणाऱ्याने पडद्यावर पाहिले, त्याला कुणी दिसले नाही, आणि पाती उठली.

फाटक उतरले आहे एवढे यंत्राला समजते. दोन फाटकांच्या मध्ये कोण अडकले आहे, हे ती गुंतवलेली यंत्रणा सांगत नाही. घंटा ऐकणाऱ्यासाठी आहे, दिवा पाहणाऱ्यासाठी. म्हणून पूल उचलण्याआधी चालवणाऱ्याने पाती या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजेत, आणि चौकी बंद करून त्याला दूरच्या पडद्यासमोर बसवायचे असेल, तर पात्यावर उभ्या माणसाची चाहूल लागताच पूल जागीच रोखणारी सोय आधी बसवायला हवी.