काडतुसाची 'डाय' मागवण्याआधी हे वाचा! जोयड्यातल्या बंदूक परवानाधारकांसाठी

जोयडा : रानडुक्कर, गवे आणि माकडांपासून भात-सुपारी वाचवायची म्हणून जोयडा तालुक्यात शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात. काडतुसे महाग, दुकान लांब. त्यात मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दिसतात : घरच्या टेबलावर रिकाम्या खोळी पुन्हा भरल्या जातात, नव्या मापाचे काडतूसही बनवले जाते. हे आपल्याकडे जमेल का, असा प्रश्न मग पडतोच. त्याआधी डाय म्हणजे काय आणि कायदा काय म्हणतो, ते पाहू.

डाय कशासाठी लागते?

काडतुसाचे चार भाग : पितळी खोळ, टोपी, दारू आणि गोळी. बार उडाला की आतल्या दाबाने खोळ फुगते आणि चेंबरला चिकटते. ती परत वापरायची तर पूर्वीच्या मापात आणावी लागते. त्यासाठीचा पोलादी साचा म्हणजे डाय. एक डाय पूर्ण खोळ दाबते, दुसरी फक्त गळा दाबते, तिसरी गोळी बसवते.

'वाइल्डकॅट'ची अडचण वेगळी

ज्या काडतुसाला कुठल्याच कारखान्याचे ठरलेले माप नाही, त्याला 'वाइल्डकॅट' म्हणतात. एखाद्या जुन्या खोळीचा गळा बारीक किंवा मोठा करून ते बनते. .22-250 हे काडतूस असेच हौशी लोकांनी घडवले आणि 1965 मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. पण बाकीच्या अनेकांना तयार डाय मिळत नाही. ज्या रीमरने चेंबर कापले त्याच्या मापाच्या नकाशावरून, नाहीतर त्याच रायफलीतून उडवलेल्या खोळी पाठवून डाय बनवून घ्यावी लागते.

माप चुकले की धोका. डायने खोळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला, तर प्रत्येक बाराला पितळ ताणते, बुडाजवळ पातळ होते आणि एक दिवस फाटते. गरम वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. चेंबरमध्ये गळ्याला जागा उरली नाही, तर गोळी सुटताना अडकते आणि दाब वाढतो.

भारतात मापे कायद्यानेच ठरवली

आपल्याकडे काडतुसाच्या मापांवर सरकारचा हात जुना आहे. 1907 च्या सुमारास इंग्रजांनी भारतात .450 मापाच्या खासगी रायफलींवर बंदी आणली. विलायती बंदूकवाल्यांनी .470 सारखी नवी मापे काढली, ती त्यामुळेच. आपल्या लोकांना माहीत असलेली .315 रायफलसुद्धा लष्करी .303 मापापासून वेगळी ठेवलेली.

जोयड्यात पेच कुठे?

पहिली गोष्ट, पीक संरक्षणाचा परवाना रायफलीचा नसतोच. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये त्यासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. अशा बंदुकीला रायफलीच्या डायचा काहीच उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, याच कायद्याच्या कलम 2 मधल्या 'दारूगोळा' या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे परदेशातून येणारे डाय-प्रेसचे पार्सल साधे लोखंडी हत्यार म्हणून सुटेल, असे धरून चालू नये. आयातीचे नियम कलम 10 मध्ये आहेत. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. तो कलम 5 खाली वेगळा. विनापरवाना निर्मितीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

तिसरी गोष्ट जंगलाची. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आता तो काळी व्याघ्र प्रकल्प. वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने नावाची नोंदणी करायची असते. नवीन परवान्यालाही मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

मग करायचे काय?

- परवाना उघडून बंदुकीचा प्रकार, काडतुसांची मर्यादा आणि कुठल्या हद्दीत तो चालतो, ते तपासा. फक्त कर्नाटकापुरता असेल, तर अनमोड ओलांडून गोव्यात बंदूक नेता येत नाही.
- नळीवरचे आणि काडतुसावरचे माप एकच आहे ना, ते बघा. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, पावती जपा.
- डाय, प्रेस, टोप्या ऑनलाइन मागवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना विभागाला लेखी विचारा.

हे दोन्ही कायदे केंद्राचे. त्यामुळे खानापूर, चंदगड, सांगे किंवा दोडामार्ग, सीमेच्या कुठल्याही बाजूचा शेतकरी असो, नियम तेच. काडतुसामागे वाचणारे चार पैसे आणि त्यासाठी पणाला लागणारा परवाना, याचा हिशेब पार्सल मागवण्याआधीच करावा.