कापसाचा चुकारा आणि वऱ्हाडाची करमणूक

सुट्टीचे दिवस म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला दिवाळी पहाटेची गाणी आणि नाटकांचे प्रयोग आठवतात. अकोला-अमरावतीकडच्या खेड्यातल्या माणसाला विचाराल, तर तो आधी शेतातल्या पऱ्हाटीकडे पाहील. पहिला वेचा झाला का, गाडी बाजारात गेली का, चुकारा हातात आला का, याची उत्तरे मिळाल्यावर तो सांगेल की यंदा यात्रेला जायचे की नाही. आमच्या भागात दिवाळी पंचांगाप्रमाणे येते, ईद चंद्राप्रमाणे येते आणि नवे वर्ष इंग्रजी कॅलेंडराप्रमाणे येते. पण करमणुकीचा हंगाम मात्र कापसाप्रमाणे येतो. तंबूतला सिनेमा, तमाशा, शंकरपट, कव्वाली, मुशायरा या साऱ्यांचा कापसाशी असलेला संबंध आम्ही लहानपणापासून पाहत आलो, पण त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. म्हणून आज त्याविषयी.

या हंगामाचे दोन भाग पडतात. एक पैसा येण्याआधीचा आणि दुसरा पैसा आल्यानंतरचा. भाद्रपद-आश्विन हा शेतकऱ्याच्या घरातला ओढगस्तीचा काळ. पेरणीला काढलेले कर्ज डोक्यावर असते, निंदणाची मजुरी देऊन झालेली असते आणि बोंड अजून फुटायचे असते. नेमक्या याच महिन्यात वऱ्हाडात आणि खानदेशात भुलाबाई बसते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी घरोघर जमतात. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती आणि शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्ती, टिपऱ्यांचा ठेका आणि सासर-माहेरची गाणी, एवढेच सामान. शेवटी खिरापत ओळखायची. डबा वाजवून, वास घेऊन, अंदाज बांधून. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा करायचा. धांडे शेतातले, माती ओढ्याकाठची, गाणी आजीची. या खेळाला पैसा लागत नाही आणि हंगाम पाहता तो असाच असणे साहजिक आहे.

माझ्या दोघी बहिणी शेजारच्या अंगणात भुलाबाईला जात. खिरापत घरी आणत आणि अम्मी ती कशाची आहे हे चव न घेता ओळखून दाखवी. मी पुढे कविता लिहू लागलो तेव्हा लोक विचारत, छंद कुठे शिकलात? मी पुस्तकांची नावे सांगत असे. खरे उत्तर ते अंगण होते, पण बीएच्या वर्गात बसलेल्या मुलाला ते सांगायची लाज वाटायची.

कोजागिरी झाली की आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजलीला एवढा मोठा समुदाय गप्प उभा राहतो, ते एकदा पाहण्यासारखे आहे. त्याच्या आधी आणि नंतर खंजिरी भजनाची मंडळे रात्ररात्र गातात. याला करमणूक म्हणणे काहींना आवडणार नाही. पण गावच्या पोराला ताल, चाल आणि चारचौघांत उभे राहून गाण्याची हिंमत या खंजिरीनेच दिली. गावातून मोझरीला जाण्याचा खर्च म्हणजे फक्त गाडीभाडे. तेवढे कसेही निघत असे.

यानंतर पांढरे सोने घरात येऊ लागते. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. मग वेचणी, मग बाजार. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या पिकामुळेच खरी वाटू लागली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला भाव चढला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. अकोला आणि बडनेरा तिच्या वाटेवरच होते. पाठोपाठ जीन-प्रेस आल्या. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला छोटी गाडी धावू लागली. किलिक निक्सन कंपनीची ती शकुंतला मुळात कापूस वाहण्यासाठीच होती. गेली काही वर्षे ती बंद आहे.

पैशाच्या वासावर कलावंतही आले. जुन्या नाटक मंडळ्या वऱ्हाडच्या दौऱ्याची वाट पाहत. अमरावतीने नुसती नाटके पाहिली नाहीत, नाटककारही दिला. वीर वामनराव जोशी अमरावतीचे. त्यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७ साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली तीही अमरावतीत, १४ जानेवारी १९२३ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीला. तारीख ठरवणाऱ्यांच्या मनात कापूस नसेलही. पण वऱ्हाडात चार माणसे बोलावून त्यांना जेवू घालायचे, तर पौष महिन्याइतका सोयीचा महिना नाही, हे कोणताही यजमान सांगेल.

या हंगामाचा खरा मुकुटमणी म्हणजे बहिरमची यात्रा. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ चांदूर बाजार तालुक्यात बहिरमबाबांचे ठाणे आहे. शेंदूर आणि लोणी चढवलेली ती मोठी शिळा. यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. आपल्याकडच्या यात्रा तिथीने भरतात, ही चक्क इंग्रजी तारखेने. मला यात नवल वाटत नाही. हा जवळजवळ दीड महिना म्हणजे कापूस विकला गेल्यानंतरचा आणि पुढची देणी दारात येण्यापूर्वीचा काळ.

अब्बांचा पाच एकर कोरडवाहू कापूस होता. चुकारा मिळाला की शेजारचे काका दारातून विचारत, ‘‘यंदा बहिरमले जाचं नाई काय, मामू?’’ अब्बा काही न बोलता बैलांना ढेप घालायला उठत, म्हणजे जायचे ठरले. दोन दमण्या निघत. हंडी दोन असत, कारण आमचे मटण हलालचे. चुली मात्र शेजारी-शेजारी. मातीच्या हंडीतले मटण मंद आचेवर तासन्‌तास शिजे आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात. ज्यांना मटण चालत नसे ते वांग्याच्या भाजीबरोबर रोडगे खात. रात्री दोन्ही हंड्यांचा रस्सा एकमेकांकडे न जाताही दोन्ही घरांची पोरे एकाच घोंगडीत झोपत.

हंडीचा वास आजही बहिरमला तोच आहे. पूर्वी इथे नवसाचे बळी देवापुढे दिले जात. गाडगेबाबांनी कीर्तनांतून त्याविरुद्ध लोकांना बोल लावले. बाबा याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी देह ठेवला तो १९५६ सालच्या २० डिसेंबरला, आणि यात्रा सुरू होण्याची तारीखही तीच. योगायोग आहे, पण यात्रेकरू तो आवर्जून सांगतात.

जेवण झाले की तंबू. तमाशाच्या कनातीकडे मुलांनी बघायचे नाही, असा हुकूम असे. म्हणून आम्ही ढोलकी बाहेरूनच ऐकली. फिरत्या टॉकीजला मात्र परवानगी होती. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, खाली जमिनीवर बसायचे, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटले की शिट्ट्या. भोंग्यावरून सिनेमाची जाहिरात करणारा माणूस तर आम्हाला नटापेक्षाही मोठा वाटे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि गौरवलाही गेला. तोवर रिळे संपली होती, प्रोजेक्टर भंगारात निघाले होते. तमाशाचे फड जिथे उतरत त्या बहिरमची ओळख आज हंडी आणि रोडगे एवढीच उरली आहे. पोट भरून लोक रात्रीच घरी परततात, कारण मोटारी आहेत. मुक्कामच उरला नाही, तर रात्रीचा खेळ कोणासाठी लावायचा?

याच दिवसांत शंकरपट भरतात. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला आहे आणि तिथे बायकाही जोड्या हाकतात. छकड्यावर उभा धुरकरी, समोर मोकळी पट्टी आणि घड्याळात मोजले जाणारे काही सेकंद. त्या काही सेकंदांसाठी बैलाला वर्षभर पोसलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत कित्येकांनी पटाचे गोऱ्हे विकून टाकले. बैलाला टोचणारा, चाबकाने फोडणारा धुरकरी मीही पाहिला आहे. त्यामुळे अटी लागल्या याचे मला वाईट वाटत नाही.

आता उरुसाविषयी. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे आमचे सण सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतात. २००० साली रमजान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. ऐन कापसात. त्या दोन्ही ईदींना गावातल्या शिंप्याला रात्र पुरत नव्हती. २०१६ साली ईद जुलैत आली, पेरणी नुकतीच आटोपत होती, आणि शेवयांचे दूधही उधार आले. अचलपूरच्या दुल्हा रहमान शाहंच्या दर्ग्यासारख्या मोठ्या ठिकाणी गर्दी कधीही होते. पण खेड्यातल्या लहान दर्ग्याचा उरूस थंडीत आला तर कव्वालीच्या दोन पार्ट्या आणि रात्रभर मुकाबला. तोच आषाढात आला तर फातिहा, चादर आणि मूठभर चिरंजी. पीर तेच, भक्त तेच.

मुशायऱ्याचेही तसेच. बाळापूर, अचलपूर, अकोला इथल्या मुशायऱ्यांत मी मराठी कविता वाचल्या आहेत आणि उर्दू श्रोत्यांनी मोकळेपणाने दादही दिली आहे. सुरेश भट अमरावतीचे. मराठी गझल इथल्या मातीत वाढली याचे एक कारण ही ऐकण्याची सवय असावी, असे मला वाटते. पण मुशायऱ्याला मंडप लागतो, बाहेरच्या शायराचे मानधन आणि भाडे लागते, रात्री दोन वाजताचा चहा लागतो. त्याची वर्गणी अडत्यांच्या दुकानांतून निघत असे. एका गावी वर्गणीची वही मी पाहिली होती. पहिल्या पानावर सगळी नावे कापूसबाजारातली.

मग या व्यवस्थेला ओहोटी कशी लागली? एकच कारण नाही. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटला, पण पैसा हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा येऊ लागला. यात्रा संपल्यावर आलेला चुकारा सरळ सावकाराकडे गेला. ती योजना २००२ नंतर मोडली. मधल्या काळात सोयाबीन आले. ते दिवाळीच्या तोंडावर निघते, घाईने विकले जाते आणि त्याचा पैसा हरभऱ्याच्या बियाण्यात जातो. सोयाबीनने ज्वारीचीही जागा घेतली, तेव्हा भुलाबाईच्या मांडवाला धांडे मिळेनात. मंडळे आता भुलाबाईच्या स्पर्धा घेतात. त्यात मुली छान गातात, फक्त खिरापत कुणी ओळखत नाही. वाटायला पेढ्यांचे पाकीट असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली, त्या वर्षीच्या थंडीत कितीतरी गावांत मांडवच पडला नाही. आणि ज्या घरातला कर्ता माणूस विषाची बाटली जवळ करून गेला, त्या घराला तर कोणताच हंगाम राहिला नाही. अशी घरे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत.

सगळेच बुडाले असेही नाही. २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी प्रदर्शन भरते. भाऊसाहेबांनी १९५९-६० मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले होते, त्याची आठवण इथे होते. माणसे ट्रॅक्टर पाहायला येतात, बायको-मुलांना घेऊन येतात, दिवसभर हिंडतात, खातात, फोटो काढतात. मला ती जुन्या यात्रेची नवी शाखा वाटते. तिथे एखाद्या संध्याकाळी भारूड किंवा खंजिरी ठेवली तर ट्रॅक्टरवाल्यांचेही काही बिघडणार नाही.

मागच्या थंडीत आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी कव्वाली ठरवली आणि बाहेरगावच्या कव्वालाशी बोलणी करायला मला सांगितले. वयस्कर माणूस, या भागात तीस-पस्तीस वर्षे येणारा. मी फोन लावला, सलाम-दुआ झाली. मी मानधनाचा विषय काढण्याआधी त्यानेच विचारले, ‘‘भाईजान, तुमच्याकडे कापूस काय भावाने चाललाय?’’ मी भाव सांगितला. मग त्याने आपला आकडा निम्म्यावर आणला. साथीला एक हार्मोनियम आणि एकच ढोलक आणतो, जीप न करता एसटीने येतो, रात्री झोपायची सोय मात्र तुमच्याच घरी करा, म्हणाला. आम्ही तारीख पक्की केली.